वाचकांचे प्रश्न: शेअरिंगच्या गाडीने कार्बन खरंच कमी होतो का?

प्रश्न: आमची गाडी दहा वर्षं जुनी झालीय आणि घरात वाद चाललाय. मी म्हणते विकून टाकू आणि लागेल तेव्हा ॲपवरून तासावर मिळणारी शेअरिंगची गाडी घेऊ, पर्यावरणालाही बरं. नवरा म्हणतो, गाडी ती गाडीच, तुझी असो नाहीतर कंपनीची, धूर तेवढाच. कोण बरोबर?

उत्तर: एका किलोमीटरपुरते तुमचे मिस्टर बरोबर आहेत, वर्षभराच्या हिशोबात मात्र तुम्ही. लीटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, मग गाडीच्या कागदांवर कुणाचंही नाव असो. (लीटरभर पेट्रोल तर पाऊण किलोच भरतं, मग २.३ किलो कुठून आलं असं विचारणारं पत्र दर वेळी येतं म्हणून आधीच सांगते, वरचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.) शेअरिंगच्या गाड्या बऱ्याचदा नवीन आणि लहान असतात त्यामुळे किलोमीटरमागे थोडं कमी जळतं, पण खरी गंमत तिथे नाहीये.

गंमत आहे ती आपण गाडी काढतो कधी यात. स्वतःच्या गाडीचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग सगळं आधीच भरून झालेलं असतं, त्यामुळे दारातली गाडी काढताना डोक्यात फक्त पेट्रोल असतं आणि कधीकधी तेही नसतं, चालत दहा मिनिटांवर जायचं असलं तरी चावी हातात येते. शेअरिंगमध्ये ते सगळे खर्च तासाच्या आणि किलोमीटरच्या भाड्यात घातलेले असतात, प्रत्येक फेरीला पूर्ण रक्कम डोळ्यांसमोर दिसते, शिवाय आधी बुकिंग करा, मग गाडी उभी असेल तिथपर्यंत चालत जा. एवढा उपद्व्याप दूध आणायला कोण करणार? चार कामं एकत्र करून एकदाच गाडी काढली जाते, बाकी वेळी माणूस चालतो, सायकल काढतो नाहीतर बस पकडतो.

नेदरलँड्समधल्या शेअरिंगवाल्यांचा एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला होता. त्यात या लोकांकडच्या गाड्या आधीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त घटल्या, त्यांचं गाडीने फिरणं १५ ते २० टक्क्यांनी घटलं आणि माणशी वर्षाला २४० ते ३९० किलो कार्बन डायऑक्साइड वाचला. तेव्हा गाडी विकणार असाल तर तुमचं पारडं जड आहे. विकणार नसाल, म्हणजे जुनी दारात ठेवून वर शेअरिंगची मेंबरशिप घेणार असाल, तर मिस्टरांचं.

प्रश्न: माझ्याकडे कधीच गाडी नव्हती, बस आणि ट्रेननेच फिरते. आता शेअरिंगची मेंबर झाले आणि महिन्यातून दोनतीनदा गाडी घेते. म्हणजे माझा कार्बन वाढलाच ना?

उत्तर: वाढला. आणि तुम्ही एकट्या नाही आहात. उत्तर अमेरिकेतल्या मेंबरांचा २००८ साली मोठा सर्व्हे झाला, ६,२८१ कुटुंबांचा, त्यावरचा मार्टिन आणि शाहीन यांचा अभ्यास २०११ मध्ये आला आणि त्यात असं निघालं की निम्म्याहून जास्त कुटुंबांचं उत्सर्जन शेअरिंगमुळे थोडं वाढलंच होतं! कारण साधं आहे, त्यांच्याकडे आधी गाडीच नव्हती, ती आता मिळाली. पण ज्या थोड्या घरांनी गाडी काढून टाकली त्यांची घट इतकी मोठी होती की सगळ्यांची वाढ भरून निघून वर शिल्लक राहिली. घरामागे सरासरी ०.४७ गाड्या होत्या त्या ०.२४ वर आल्या, म्हणजे जवळपास निम्म्या.

आता ती शिल्लक किती ते बघा, कारण तुमचं उत्तर तिथेच आहे. प्रत्यक्ष जे घडलं तेवढंच धरलं तर घरामागे वर्षाला सरासरी ०.५८ टन घट, आणि शेअरिंग नसतं तर लोकांनी ज्या गाड्या विकत घेतल्या असत्या त्याही धरल्या तर ०.८४ टन. मधला फरक आहे तो टळलेल्या खरेदीचा. तो मोजायचा कसा, तर लोकांना विचारून की बाबांनो शेअरिंग नसतं तर तुम्ही काय केलं असतं, आणि अशा प्रश्नाला माणूस जरा स्वतःला शोभेल असंच उत्तर देतो असं माझं मत, म्हणून मी लहान आकड्यावर जास्त भरवसा ठेवते. तरी तुम्ही मनाशी खरं उत्तर द्या. ही सोय नसती तर गेल्या दोन वर्षांत गाडी घेतली असती का? हो असेल तर महिन्याच्या त्या दोनतीन फेऱ्या माफ, आणि नसेल तर ज्या फेरीला बस होती ती बसनेच करा की.

प्रश्न: ॲपवरून टॅक्सी मागवणं म्हणजेही कार शेअरिंगच का?

उत्तर: नाही हो, नाव सारखं वाटतं म्हणून लोक दोन्ही एकाच पिशवीत भरतात. शेअरिंगमध्ये तुम्ही चालवता आणि तुमचं काम झालं की गाडी उभी राहते. टॅक्सी पुढच्या भाड्यासाठी रिकामी फिरत राहते, ते सगळे किलोमीटर जमेला येतात. युनियन ऑफ कन्सर्न्ड सायंटिस्ट्स या अमेरिकेतल्या संस्थेने २०२० मध्ये तिथला हिशोब मांडला होता, ॲपवरची टॅक्सी ज्या प्रवासांच्या जागी येते त्यांच्यापेक्षा सरासरी ६९ टक्के जास्त प्रदूषण करते, कारण रिकाम्या फेऱ्या तर आहेतच आणि शिवाय ती बस, ट्रेन, चालणं यांचेही प्रवासी ओढते. एकाच रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी लोकांनी मिळून एकच टॅक्सी केली तर हा आकडा बराच उतरतो, आणि गाडी विजेची असेल तर आणखी. ऑफिसातले चौघं मिळून एकाच्या गाडीने जातात ते कार पूलिंग, तो तिसराच प्रकार, आणि त्यात चौघांपैकी तिघं आधी बसने जात होते का हे आधी विचारून घ्या.