आठवीतल्या मुलाची परीक्षेची तयारी कशी करून घ्यावी आणि परीक्षेचे नियम त्याला कसे समजावून सांगावेत?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा आठवीत, राज्य मंडळाची सेमी इंग्रजी शाळा, राहायला कासारवडवली आणि शाळा नौपाड्यात. पहिल्या घटक चाचणीत त्याने मागच्या बाकावरच्या मित्राला उत्तरपत्रिका दाखवली, म्हणून बाईंनी मित्राबरोबर त्याचाही पेपर काढून घेतला आणि तुम्हाला शाळेत बोलावणं आलं. त्यातच आठवीत आता नापास करतात हे ऐकून तुम्ही धास्तावलात. एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवावं का, हेही तुम्ही विचारलं आहे. मी कळव्याच्या एका शाळेत 22 वर्षं गणित शिकवते आणि दर परीक्षेला पर्यवेक्षणही करते. त्यामुळे हॉलमध्ये मुलांचं काय होतं ते खूप जवळून पाहिलं आहे.

आधी नापासाच्या भीतीचं बघू. आठवीपर्यंत कोणालाच मागे ठेवायचं नाही, हा 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातला नियम होता. 2019 मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि राज्यांना मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात 2023-24 या शैक्षणिक वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा सुरू झाली. आठवीला प्रत्येक विषय 60 गुणांचा असतो, 50 लेखी आणि 10 तोंडी किंवा प्रात्यक्षिक. उत्तीर्ण व्हायला 35 टक्के लागतात, म्हणजे 60 पैकी 21. एखाद्या विषयात राहिला तर शाळेने जादा मार्गदर्शन द्यायचं आणि निकालानंतर दोन महिन्यांत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही राहिला तरच तो पुन्हा आठवीत बसतो. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळा त्याला काढून टाकू शकत नाही. हे सगळं त्याला शांतपणे, आकड्यांसकट सांगा. 'नापास होशील' असं रोज ऐकणाऱ्या मुलाला नक्की किती गुण लागतात हेच बहुतेक वेळा माहीत नसतं.

आता कॉपीचा विषय. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण यात चूक मुलांच्या आधी आम्हा मोठ्यांची असते.

सात-आठ वर्षांपूर्वी सातवीच्या विज्ञानाच्या पेपरला मी पर्यवेक्षक होते. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी खाली वाकली आणि वर आली तेव्हा तिच्या हातात कागदाची घडी होती. मी तिच्यापर्यंत पोहोचले तोवर तिने ती मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मी चिठ्ठी घेतली, उत्तरपत्रिका घेतली आणि तिला मुख्याध्यापकांच्या खोलीत पाठवलं. नंतर तिची वही मागवून पाहिली तर चिठ्ठीतलं अक्षर तिचं नव्हतंच. दुसऱ्या कोणीतरी फेकलेली घडी तिच्या बाकाखाली आली होती. ती घडी उचलून मुलगी कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाली होती. बाकाखाली कागद दिसता कामा नये, असं आदल्या आठवड्यात वर्गात मीच बजावलं होतं. तिला गेलेला वेळ भरून दिला, पण परत येऊन बसल्यावर तिचा हात थरथरत होता. पेशीची आकृती तिने तीनदा पुसली, कागद तिथे झिजून पातळ झाला होता. ती उत्तरपत्रिका तपासणाऱ्या बाईंनी मला मुद्दाम आणून दाखवली.

कॉपी करायची नाही हे त्या मुलीला पक्कं माहीत होतं. बाकाखाली चिठ्ठी दिसली तर काय करायचं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या वर्षापासून मी प्रत्येक परीक्षेआधी वर्गात एक तास यासाठी ठेवते आणि मुलांकडून हे सगळं करून घेते. चिठ्ठी दिसली तर हात लावायचा नाही, पायानेही सरकवायची नाही. हात वर करायचा, बाई आल्या की बोट दाखवायचं आणि पुन्हा लिहायला लागायचं. मुलांना आधी हसू येतं, पण एकदा स्वतः करून पाहिलं की लक्षात राहतं.

तुमच्या मुलाच्या बाबतीत, दाखवणं हा कॉपीचाच अर्धा भाग आहे हे त्याला सांगावंच लागेल. पर्यवेक्षकाला समोर दोन मुलं दिसतात, कोण चांगल्या मनाचा आणि कोण आळशी हे दिसत नाही. पण मित्राला नाही म्हणणं या वयात फार जड जातं. तेराव्या-चौदाव्या वर्षी मैत्री हेच सगळं असतं. म्हणून 'दाखवू नको' एवढ्यावर थांबू नका. मित्राला काय म्हणायचं ते शब्द त्याला द्या. 'पेपर सुरू झाला की मला हाक मारू नकोस. शनिवारी माझ्या घरी ये, गणितं मिळून करू.' हे परीक्षेच्या दोन दिवस आधी म्हणायचं असतं, हॉलमध्ये नव्हे. आणि तो मित्र शनिवारी खरंच आला तर येऊ द्या. मित्राला समजावून सांगताना तुमच्याच मुलाचा धडा पक्का होईल.

अजाणता होणाऱ्या चुकाही असतात. अभ्यास करताना मुलं कंपासपेटीच्या झाकणाला आतून सूत्रं लिहितात, पट्टीच्या मागे पाढे लिहितात, हातावर पेपरचं वेळापत्रक लिहितात. घरी ते निरागस असतं, हॉलमध्ये तोच पुरावा ठरतो. आदल्या रात्री कंपासपेटी रिकामी करून पुसून घ्यायची सवय लावा. खोडरबर आणि पेन्सिली दोन-दोन द्या, म्हणजे मागायला मागे वळावं लागणार नाही. पेन निळं किंवा काळं, लाल आणि हिरवं घरीच. साधं काट्यांचं घड्याळ चालतं, स्मार्टवॉच नको. प्रश्नपत्रिकेवर उत्तरं किंवा खुणा लिहायच्या नाहीत. कच्चं काम उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर करायचं आणि वर 'कच्चे काम' असं लिहायचं. नाव किंवा आसन क्रमांक सांगितलेल्या चौकटीतच, बाकी कुठेही नाही, 'श्री'सुद्धा नको. उशिरा आलेल्याला किती वेळ आत घेतात, बाहेर कधी सोडतात, हे प्रत्येक शाळेत थोडं वेगळं असतं. ते वर्गशिक्षकांकडून लेखी मागून घ्या आणि अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवा. (मुलींच्या आयांनी हे वाचलं तर त्यांनाही एक सांगते. पाळीचे दिवस असतील तर पेपर सुरू होण्याआधी बाईंच्या कानावर घालायला मुलीला सांगा. आम्ही त्यासाठीच तिथे असतो. तीन तास तशीच अवघडून बसलेली मुलगी बघवत नाही.)

आता अभ्यास. गुण कुठे जातात हे तुम्हाला एका गणितातून दाखवते. आठवीत विस्तार सूत्रं असतात. 103 चा वर्ग काढा म्हटलं की निम्मा वर्ग 10009 लिहितो. 100 चा वर्ग 10000, 3 चा वर्ग 9, संपलं. मधलं पद, म्हणजे 2 गुणिले 100 गुणिले 3, हे 600 राहूनच जातं. खरं उत्तर 10609. तुम्ही त्याला हे दहा वेळा समजावलंत तर तो दहा वेळा मान हलवेल आणि पेपरात पुन्हा 10009 लिहील. उपाय म्हणजे चुकांची वही. एक साधी शंभर पानी वही घ्यायची. डाव्या पानावर आपण केलेली चूक जशीच्या तशी लिहायची, उजव्या पानावर बरोबर उत्तर आणि खाली एका ओळीत कुठे घसरलो ते स्वतःच्या शब्दांत. 'मधले 600 विसरलो.' बस, एवढंच. माझ्या वर्गातली ज्या मुलांची ही वही नोव्हेंबरपर्यंत अर्धी भरते, त्यांना परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक उघडायची गरज पडत नाही, ती ही वही चाळतात. घटक चाचणीचा पेपर परत मिळाला असेल तर त्यातल्या चुकांपासूनच वही सुरू करा.

इतिहासाच्या सनावळीने आठवीची मुलं घाबरतात. तुम्ही ठाण्यात राहता, त्याचा उपयोग करून घ्या. 16 एप्रिल 1853 ला देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्याला आली. त्याला स्टेशनवर घेऊन जा, तिथे उभं राहून हा एक सन पक्का करा आणि बाकीचे त्याच्याशी बांधा. त्यानंतर 4 वर्षांनी 1857 चा उठाव. गाडी सुरू झाल्याला 32 वर्षं झाली तेव्हा, 1885 मध्ये, मुंबईत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. मग 1905 ला बंगालची फाळणी, 1920 ला असहकार, 1930 ला सविनय कायदेभंग, 1942 ला छोडो भारत. सुटे आकडे पाठ करण्यापेक्षा हे अंतर मोजणं मुलांना जमतं आणि आवडतंही.

लेखी सरावाचं सांगायचं तर गणपती झाल्यावर दर रविवारी एक पेपर. शाळेची वेळ असेल त्याच वेळेला, रेघांच्या सुट्या कागदांवर समास आखून, समोर घड्याळ ठेवून. मोबाइल दुसऱ्या खोलीत, तुमचाही. पहिली पाच मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायची आणि 'कोणतेही दोन', 'फरक स्पष्ट करा', 'शास्त्रीय कारणे लिहा' या शब्दांवरून नजर दोनदा फिरवायची. तीनातले दोन सोडवायचे असताना तिन्ही सोडवून वेळ घालवणारी मुलं मी दरवर्षी बघते. फरक विचारला तर मध्ये उभी रेघ मारून दोन रकाने. नवा मुख्य प्रश्न नव्या पानावर. घरी पुरवणीही द्या, त्यावर क्रमांक घालायला लावा आणि मुख्य उत्तरपत्रिकेला दोऱ्याने बांधायला शिकवा. हे बारीक वाटेल, पण एका वर्षी आमच्याकडे एका मुलाची भूमितीची पुरवणी सुटून दुसऱ्याच गठ्ठ्यात गेली आणि सापडेपर्यंत त्या घरातले दोन दिवस कसे गेले ते मला माहीत आहे. दिवाळीआधीची सत्र परीक्षा ही खरी रंगीत तालीम. तिच्या गुणांवरून रागावू नका. पेपर वेळेत पूर्ण झाला का आणि घंटेआधी सगळं एकदा वाचून झालं का, एवढंच विचारा.

एनएमएमएसचं थोडक्यात. ती आठवीच्या मुलांसाठीच असते. शाळा शासकीय, स्थानिक संस्थेची किंवा अनुदानित असायला हवी आणि पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावं लागतं. बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता असे दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अटीत बसत असाल तर जरूर बसवा. मिनिटाला एक प्रश्न आणि पेनाने गोल रंगवणं, याचा सराव मात्र वेगळा करून घ्या. एक प्रश्न सोडला की पुढचे सगळे गोल एका ओळीने सरकतात. म्हणून दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा आणि गोलाचा क्रमांक जुळतो का ते बघायची सवय हवी.

कासारवडवलीहून नौपाड्यापर्यंत सकाळचा रस्ता कसा असतो ते तुम्हाला मी सांगायला नको. घोडबंदर रोडवर एखादा ट्रक बंद पडला की माजिवड्यापर्यंत सगळं ठप्प. परीक्षेच्या दिवसांत रोजच्यापेक्षा पाऊण तास आधी निघा. शाळेजवळ ओळखीचं घर असेल तर पहिल्या पेपरला आदल्या रात्री तिथेच राहिलात तरी चालेल.

शाळेत बोलावलं आहे तेव्हा मुलाला सोबत न्या आणि त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका. काय झालं ते त्याने बाईंना स्वतः सांगावं, 'मी दाखवला, माझं चुकलं' एवढ्या शब्दांत. मग बाईंना विचारा, सत्र परीक्षेला त्याला पहिल्या बाकावर बसवता येईल का. बहुतेक बाई हो म्हणतात. तो पुढे बसला की मागून हाक ऐकू आली तरी मान वळवण्याआधी त्याला समोर बाई दिसतील. पहिल्या एक-दोन परीक्षा त्याला एवढा आधार पुरतो.

सत्र परीक्षा झाली की कळवा. गणितात काही अडलं तर इथेच खाली प्रश्न टाका, मी रात्री जेवणं झाल्यावर बघते.