कायद्याचं बोला : कोर्टाची ऑर्डर आणि दाराची कडी

प्रश्न : नमस्कार वकीलताई, आम्ही इंदूरला लोकमान्य नगरात राहतो. धाकटा भाऊ 34 वर्षांचा, दोन वर्षांपासून त्याला आवाज ऐकू येतात, सहा महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या, आता म्हणतो पाण्यात काहीतरी कालवलंय, आईने आधी पिऊन दाखवलं तरच पितो. गेल्या आठवड्यात आईचा हात पिरगाळला. रात्री आम्ही त्याच्या खोलीला बाहेरून कडी लावतो. एक ओळखीचे म्हणतात कोर्टातून ऑर्डर काढली की पोलीस उचलून नेतात, खर्च 40 हजार. खरं का?

उत्तर : ताई, आधी ते 40 हजार देऊ नका. ते गृहस्थ सांगतायत ती 1987 च्या कायद्यातली 'रिसेप्शन ऑर्डर', मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा आणि ते भरतीचा हुकूम काढायचे. तो कायदाच गेला. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे, त्यात घरच्यांचा रस्ता कोर्टातून नाही, दवाखान्यातून जातो, पण लोकांच्या डोक्यात अजून कोर्टच बसलंय (काही वकिलांच्याही, आता काय बोलू).

तुमच्या कामाचं कलम 89. भावाने आधी आपल्या उपचारांच्या बाबतीत कुणाला प्रतिनिधी नेमलं नसेल तर नातेवाईक म्हणून आई किंवा तुम्ही अर्ज द्यायचा, दोघंजण त्याला वेगवेगळं तपासतात, त्यातला एक सायकियाट्रिस्ट लागतोच, आणि पटलं तर 30 दिवसांपर्यंत भरती. पुढे ठेवायचं तर परत तपासणी आणि रिव्ह्यू बोर्डाची (अशा भरतीवर देखरेख करणारं याच कायद्यातलं मंडळ) परवानगी. आपल्याकडे बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहेच. डॉक्टर विचारणार की अलीकडे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा केली का, धमकी दिली का, स्वतःचं खाणंपिणं सांभाळता येतं का. तेव्हा "फार त्रास देतो हो" म्हणून भागत नाही, वहीत लिहा : अमुक तारीख, रात्री साडेनऊ, आई दूध तापवत होती, डावं मनगट धरलं, सूज दोन दिवस. पाणी किती वेळ प्यायला नाही तेही लिहा.

तो यायलाच तयार नसेल तर? जिवाचा धोका दिसत असेल तर कुठलाही रजिस्टर्ड डॉक्टर घरी येऊनसुद्धा इमर्जन्सी उपचार देऊ शकतो, 72 तासांपर्यंत, त्यात रुग्णालयात नेणंही आलं. आणि आजारामुळे धोका आहे असं वाटलं तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. ठाण्यात गेलात तर "कलम 100" असं नाव घेऊनच बोला, नाहीतर घरगुती भांडण म्हणून परत पाठवतील.

आता कडीचं. आईची भीती मला कळते, रागावत नाहीये. पण मॅजिस्ट्रेट या कायद्यात अजून कुठे आहेत माहितीये? घरात आजारी माणसाचे हाल होतायत, दुर्लक्ष होतंय अशी पोलिसांनी खबर दिली की, म्हणजे तेव्हा ते तुमच्या नाही, भावाच्या बाजूने बघणार, तपासणीसाठी त्याला दहा दिवसांपर्यंत रुग्णालयात ठेवायचा आदेशही देऊ शकतात. शिवाय रात्री शॉर्ट सर्किट झालं तर? तमिळनाडूत एरवाडीला 2001 मध्ये साखळीने बांधलेले 25 हून जास्त पेशंट आगीत गेले, पळताच आलं नाही. आजपासून कडी नको, सुऱ्या-कात्र्या कपाटात घालून कुलूप लावा आणि आईने दुसऱ्या खोलीत आतून कडी लावून झोपावं.

वकील हवाच असेल तर 15100 वर फोन करा, जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बायकांना उत्पन्नाची अटही नाही. भावालाही मिळतो हं, आणि भरती झाल्यावर तो तुमच्याविरुद्ध बोर्डाकडे अर्ज करू शकतो, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. रात्री-बेरात्री बोलायला टेली-मानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416.

आणि एक, कुणी कितीही सांगितलं तरी चहात गोळी कालवून देऊ नका. पाण्यावरचा त्याचा संशय तुम्हीच खरा करून द्याल.