आवडीचंच काम, तरी मन लागत नाही?

"आवडीचंच काम करतोय, तरी मन लागत नाही. क्षेत्र चुकलं का माझं?" हा प्रश्न समुपदेशक म्हणून मी इतक्यांदा ऐकलाय की समोरच्याने पहिलं वाक्य उच्चारलं की दुसरं मला कळतं. त्यांतल्याच एका व्हायोलिनवादकाची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

वीस वर्षं वादनावरच पोट. म्हणाले, "हल्ली वाजवताना मला फक्त चुका ऐकू येतात." बोलता बोलता त्यांचा हात माझ्या फॉर्मच्या कोपऱ्यात काहीतरी गिरवत होता. मान वाकडी करून बसलेला कावळा! माझी नजर गेली तसा त्यांनी कागद पालथा घातला.

"चित्रं काढता?"

"लहानपणी काढायचो. अकराव्या वर्षी बंद केली. एक ना धड भाराभर चिंध्या नकोत, असं घरी ठरलं."

अशा क्षणी समुपदेशकाला आपण फार हुशार आहोत असं वाटतं. मलाही वाटलं. "रोज एक चित्र काढा, दर वेळी मला दाखवा," मी सांगून मोकळी झाले. तीन आठवडे चित्रं आली. चौथ्या आठवड्यात वही कोरी.

"कंटाळलात?"

"नाही. पण तुम्हाला दाखवायचं म्हटलं की त्याचाही रियाज होतो."

मी गप्प बसले. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग मी वर्षानुवर्षं शिकवत आलेय. मुलं मुळात चित्रांची वेडी. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं इतरांपेक्षा कमी रमली. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र टिकली. आणि इथे प्रशस्तिपत्र घेऊन बसलेली बाई मीच होते.

गृहपाठ मागे घेतला. म्हटलं, "वाईट चित्रं काढा. कुणाला दाखवू नका, मलासुद्धा नाही."

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाईट वाजव, असं मला आजवर कुणीच म्हटलं नाही."

त्या वाक्यानंतरच आमचं खरं काम सुरू झालं, असं मी मानते.

म्हणून क्षेत्र बदलायला निघालेल्यांना मी आधी थांबवते. आठवड्यातला अर्धा तास अशा गोष्टीला द्या, जिचा हिशेब कुणी मागणार नाही. क्लास लावू नका, फोटो टाकू नका, आणि "यातून काही कमाई होईल का?" असं विचारणाऱ्या मित्राला तर कळूही देऊ नका. झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर मात्र एवढ्याने भागणार नाही. आधी डॉक्टरांना भेटा.

दोनेक महिन्यांनी ते सांगत होते, घरी दार लावून मुद्दाम बेसूर वाजवून पाहिलं, अगदी कावळ्यासारखं.

"कसं वाटलं?"

"ते शेजाऱ्यांना विचारा."