असाटीगला पहिल्यांदा जाताय? मग एवढं वाचा

असाटीग म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं बेट, अर्धं मेरीलँड राज्यात नि अर्धं व्हर्जिनियात. तिथले रानटी घोडे बघायलाच निघालात ना? सगळे त्यासाठीच जातात. पण नवखे लोक हटकून गाजर पुढे करतात नि सेल्फीला जवळ जातात. असलं काही करू नका. हे घोडे चावतात, लाथा झाडतात. चाळीस फूट अंतर ठेवा आणि खाणं गाडीत बंद. टेबलावर उघडं राहिलं तर गेलंच समजा!

तंबूला लांब खुंट्या घ्या, साध्या खुंट्या वाळूत धरत नाहीत. उन्हाळ्यात डासांचं औषध हवंच.

पहिल्या फेरीत मेरीलँडची बाजूच बघा, व्हर्जिनिया पुढच्या वेळी. वाळूच्या टेकड्यांमधली छोटी पायवाट मात्र चुकवू नका. तिथे डांबराचे तुटके तुकडे दिसतील. तो बाल्टिमोर बुलेव्हार्ड, इथला जुना रस्ता! इथे प्लॉट पाडून विकले होते. मार्च 1962 च्या वादळाने घरं नि रस्ता उद्ध्वस्त केला, म्हणून 1965 मध्ये हा राष्ट्रीय किनारा, म्हणजे सरकारने राखलेला किनारा, होऊ शकला. शेजारच्या ओशन सिटी या गावापासून बेट तोडलं तेही 1933 च्या वादळानेच. टेकड्यांवरच्या गवतावर पाय देऊ नका, वाळू तेच धरून ठेवतं.

बाकी पक्षी, कयाक वगैरे नंतर बोलू. आधी एकदा जाऊन तर या.