‘जाब’ असताना ‘उत्तरदायित्व’ कशाला?

प्रश्न मेलबर्नच्या एका ताईंचा आहे. तिथल्या मराठी मंडळींसाठी त्या एक लहानसं नियतकालिक काढतात. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या कारभारावरचा एक इंग्रजी लेख त्यांनी यंत्राकडून मराठी करून घेतला, तेव्हा मथळा आला : ‘ऑस्ट्रेलियन सरकारमध्ये लोकशाही उत्तरदायित्व आणि अखंडता मजबूत करणे’. ताई विचारतात, हे मराठी आहे का? अकाउंटेबिलिटी आणि इंटिग्रिटी यांना चांगले शब्द कोणते? आणि व्हिसलब्लोअरला, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्याला, काय म्हणावं?

ताई, हे मराठी नाही. ‘अखंडता’ आधी निकालात काढू, कारण हा शब्द अलीकडे सगळीकडे असाच वापरलेला दिसतो आणि दर वेळी खटकतो. अखंडता देशाची, भूभागाची. ‘देशाची एकता आणि अखंडता’ असं आपण म्हणतो ते त्या अर्थाने. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ म्हणजे ‘ज्याला हात लागलेला नाही असं’, आणि गणितातला ‘इंटिजर’, आपला पूर्णांक, त्याच मुळातला. न शिवलेलं म्हणजे न तुटलेलं, आणि न शिवलेलं म्हणजेच न डागाळलेलं, असे दोन्ही अर्थ इंग्रजीने एका शब्दात ठेवले. मराठीने ते वेगळे ठेवलेत. दुसऱ्या अर्थाला आपल्याकडे ‘सचोटी’ आहे. सचोटीचा व्यापारी, सचोटीचा कारभार. ही सचोटी ‘कसोटी’च्या साच्यात घडलेली आहे असं माझं ठाम मत आहे. कसोटी म्हणजे कषपट्टिका, सोन्याचा कस पाहायचा दगड. नुसता सच्चेपणा म्हणजे सचोटी नव्हे. घासून पाहिल्यावर टिकलेला सच्चेपणा म्हणजे सचोटी. ‘-ओटी’ला नुसता प्रत्यय म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझं जमत नाही.

आता उत्तरदायित्व. व्याख्यानांतून, प्रशिक्षणवर्गांतून एक वाटणी ठासून सांगितली जाते : रिस्पॉन्सिबिलिटी म्हणजे जबाबदारी, अकाउंटेबिलिटी म्हणजे उत्तरदायित्व. या वाटणीला व्युत्पत्तीचा काडीचा आधार नाही. जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे जबाब आहे तो, उत्तरदायी म्हणजे उत्तर देणारा. एक अरबी-फारसी, दुसरा संस्कृत, अर्थ तोच. रिस्पॉन्सिबलच्या लॅटिन मुळातही उत्तर देणंच आहे. अकाउंटेबलमध्ये उत्तर नाही, हिशेब आहे. ज्या लॅटिन क्रियापदातून तो आला त्यातूनच कॉम्प्युटरही आला. तेव्हा काटेकोर भाषांतर हवं असेल तर ‘हिशेबदारी’ म्हणा. पण उत्तरदायित्वाला वेगळा, वरच्या पायरीचा अर्थ चिकटवायचा आणि जबाबदारीला खाली बसवायचं, हे फक्त संस्कृत शब्द भारदस्त वाटतो म्हणून चाललं आहे. हिंदी बातम्यांतून शिरलेल्या ‘जवाबदेही’बद्दल तर बोलायलाच नको.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. जबाबदारी घेता येते, टाकता येते, ढकलता येते, झटकता येते. उत्तरदायित्व तर नुसतं असतं. या दोन्ही शब्दांत विचारणारा माणूसच नाही. ‘मी उत्तरदायित्व स्वीकारतो’ असं एखादा मंत्री म्हणाला तर त्याने ते कुणापुढे स्वीकारलं, हे वाक्य सांगत नाही. मराठीत ही उणीव भरून काढणारा शब्द केव्हापासून पडून आहे : जाब. जाब विचारतात आणि जाब द्यावा लागतो. दोन माणसं असल्याशिवाय हा शब्द उभाच राहत नाही.

जाब म्हणजे जवाबच, मधला ‘व’ गळालेला. मराठेशाहीतल्या पत्रांत ‘जाबसाल’ हा शब्द पदोपदी भेटतो, म्हणजे जवाब-सवाल, बोलणी, वाटाघाट. तिथे जवाबचा जाब झाला तसाच सवालचा साल झाला. ‘साल’ एकटा टिकला नाही, ‘जाब’ टिकला. आता गंमत बघा. जवाबचं अरबी मूळ ‘जीम-वाव-बे’, आणि या मुळाचा जुना अर्थ आहे कापत जाणं, आरपार जाणं. कुराणात खडक कोरून काढणाऱ्या लोकांचा उल्लेख येतो तो याच धातूने. मग त्यातून ‘उत्तर’ कसं निघालं? जुन्या अरबी कोशकारांनी दिलेला खुलासा मला फार आवडतो : बोलणाऱ्याच्या तोंडापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंतचं अंतर जे कापून जातं, ते जवाब. म्हणजे उत्तर नुसतं देऊन भागत नाही. ते विचारणाऱ्याच्या कानापर्यंत पोचलं तरच तो जवाब.

भाषाशुद्धीवाल्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. शिवाजी महाराजांनी मुजुमदाराचा अमात्य केला, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. मग आम्ही जबाबदारीचं उत्तरदायित्व का करू नये? करा, पण आधी एवढं बघा की महाराजांनी बदलली ती पदांची नावं, आणि तीही पुरती रुजली नाहीत. मुजुमदार, फडणीस, चिटणीस आजही आडनावांत नांदताहेत. १९२५ साली फारसी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव जूलियन पुढे स्वतःच शुद्धीच्या बाजूला गेले. त्यांच्या व्यासंगाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, ते वळण चुकीचं होतं. ज्या शब्दाने गावची बाई सरपंचाला अडवते, तो शब्द परका कसा? आपल्या ग्राहक आयोगांच्या, म्हणजे पूर्वीच्या ग्राहक मंचांच्या, मराठी निकालपत्रांत तक्रारदाराच्या समोर कोण उभा असतो? ‘जाबदेणार’. कुठे कुठे ‘जाबदार’. अकाउंटेबिलिटीला मी म्हणूनच ‘जाबदारी’ सुचवतो, आणि ती सुचवताना मला काही नवं घडवावं लागत नाही.

ताईंच्या ऑस्ट्रेलियाला हा शब्द किती नेमका बसतो ते बघा. १८५० च्या दशकात तिथल्या बहुतेक वसाहतींना जी राज्यपद्धती मिळाली तिचं नावच मुळी ‘रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंट’. मंत्र्यांनी निवडून आलेल्या सभागृहाला जाब द्यायचा, हा तिचा गाभा. १९०१ पासून लागू असलेल्या संघराज्याच्या घटनेतलं ६४वं कलम सांगतं की संसदेचा सदस्य नसलेल्या माणसाला तीन महिन्यांपलीकडे मंत्री राहता येणार नाही. कारण उघड आहे. जाब विचारायचा तर माणूस समोर बसलेला हवा.

आणि तो मंत्री आहे हेच कुणाला माहीत नसेल तर? ऑगस्ट २०२२ मध्ये उघड झालं की पंतप्रधान असताना स्कॉट मॉरिसन यांनी २०२० आणि २०२१ मध्ये पाच खात्यांची सूत्रं गुपचूप स्वतःकडेही घेतली होती : आरोग्य, अर्थ, उद्योग-ऊर्जा, गृह आणि ट्रेझरी (कर आणि अंदाजपत्रकाचं खातं). गव्हर्नर जनरलची सही झाली, पण जाहीर काहीच झालं नाही. ट्रेझरर जॉश फ्रायडनबर्ग यांनाही आपल्या खात्याला दुसरा मंत्री आहे याचा पत्ता नव्हता. सॉलिसिटर जनरलचा अभिप्राय आला की उद्योग-ऊर्जा खात्याची ती नेमणूक कायद्याने वैध होती, पण रिस्पॉन्सिबल गव्हर्नमेंटच्या तत्त्वाला तिने मुळातच धक्का दिला. शब्दाच्या अभ्यासकाला हा अभिप्राय तोंडपाठ असायला हवा. कायदा मोडला नाही, तरी जाब मोडला. कारण विचारणाऱ्याला कुणाला विचारायचं हेच ठाऊक नव्हतं. ३० नोव्हेंबर २०२२ ला प्रतिनिधिगृहाने ८६ विरुद्ध ५० मतांनी मॉरिसन यांच्या निषेधाचा ठराव केला. माजी पंतप्रधानावर असा ठराव तिथे पहिल्यांदाच झाला. पुढे अशा नेमणुका जाहीर करणं कायद्यानेच बंधनकारक झालं.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण न्यू साउथ वेल्सचं. या राज्याने १९८८ मध्येच कायदा करून भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग नेमला, आणि तो उघड सुनावण्या घेतो. एप्रिल २०१४ मध्ये तिथले प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, बॅरी ओफॅरल साक्षीला आले. त्यांना भेट म्हणून पोचलेल्या एका बाटलीचा विषय होता : १९५९ सालची ग्रेंज वाइन, त्यांच्या जन्मसालाची, किंमत सुमारे ३००० डॉलर. अशी बाटली मिळाल्याचं आठवत नाही, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच हस्ताक्षरातली आभाराची चिठ्ठी आयोगापुढे आली आणि त्यांनी पद सोडलं. आयोगाने त्यांच्यावर भ्रष्टाचाराचा ठपका ठेवला नाही. मुद्दाम दिशाभूल केली असंही म्हटलं नाही. तरी ते गेले, कारण दिलेला जाब खोटा ठरला. सचोटी आणि जाबदारी हे दोन वेगळे शब्द का हवेत, याचं याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

पण हा शब्द ज्या प्रकरणात सगळ्यात जास्त आठवतो, ते रोबोडेट. ज्यांना सरकारी भत्ता मिळत होता त्यांनी आपलं उत्पन्न कमी दाखवलं का, हे यंत्राने शोधायची केंद्र सरकारची ही योजना. यंत्र करी एवढंच : कर खात्याकडून वर्षाची कमाई घ्यायची आणि वर्षातल्या २६ पंधरवड्यांवर सारखी पसरायची. समजा, एका विद्यार्थ्याने सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर कमावले, नंतर नोकरी गेली आणि उरलेले सहा महिने त्याने भत्ता घेतला. नियमाने तो भत्ता त्याच्या हक्काचा, कारण त्या पंधरवड्यांत त्याची कमाई शून्य. यंत्राच्या लेखी मात्र दर पंधरवड्याला १००० डॉलर. मग चिठ्ठी यायची : भत्ता जास्त घेतलात, परत करा, तसं नसेल तर जुन्या पगारपावत्या आणून सिद्ध करा. काही वर्षांपूर्वी हॉटेलात भांडी घासली, त्या मालकाच्या पावत्या कुठून आणायच्या?

इथे जाबाची दिशाच उलटी झाली. जाब लोकांनी सरकारला विचारायचा. इथे सरकार ज्याच्यापाशी काही नाही अशा माणसाला जाब विचारत होतं, आणि देणं आहे हे सिद्ध करायचं काम स्वतःवर न घेता, देणं नाही हे सिद्ध करायचं ओझं त्याच्यावर टाकत होतं. सरासरी काढून असं देणं लादणं कायद्यात बसत नाही, हा सल्ला सरकारच्याच वकिलांनी २०१४ मध्ये दिला होता. तो मंत्रिमंडळापुढे गेलाच नाही. उत्तर तयार होतं, कानापर्यंत पोचलं नाही. अरबी कोशकारांच्या मापाने तो जवाबच नव्हे. २०१९ च्या नोव्हेंबरात फेडरल कोर्टात योजनेचा पाया बेकायदा ठरला. २०२१ मध्ये सामूहिक दाव्यातली तडजोड मंजूर करताना न्यायालयाने नोंदवलं की सुमारे ४,३३,००० लोकांवर मिळून १.७६ अब्ज डॉलरची देणी बेकायदा लादली गेली. काहींनी जीव दिला. त्यांच्या आयांनी चौकशी आयोगापुढे साक्षी दिल्या. कॅथरीन होम्स यांच्या या आयोगाचा, म्हणजे रॉयल कमिशनचा, अहवाल जुलै २०२३ मध्ये आला, आणि त्यातला एक भाग मोहोरबंद ठेवला गेला.

केंद्राचा राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी आयोग १ जुलै २०२३ ला सुरू झाला. रॉयल कमिशनने सहा जणांची प्रकरणं त्याच्याकडे धाडली. जून २०२४ मध्ये आयोगाने सांगितलं, तपास करणार नाही. लोक खवळले, तक्रारींचा ढीग पडला. आयोगावर देखरेख करणाऱ्या निरीक्षक गेल फर्नेस यांनी दाखवून दिलं की आयुक्त पॉल ब्रेरटन यांची त्या सहांपैकी एकाशी आधीची ओळख होती, आणि निर्णय दुसऱ्याकडे सोपवूनही ते पुरेसे बाजूला झाले नव्हते. बाहेरच्या निवृत्त न्यायमूर्तींकडून फेरविचार झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तपास करायचं ठरलं. जाब विचारणाऱ्या आयोगालाही जाब विचारणारी जागा कायद्यात होती म्हणून हे घडलं. या आयोगाच्या सुनावण्या मात्र अपवाद सोडता बंद दाराआड होतात, आणि ते मला मान्य नाही. कान बाहेर ठेवून जाब कसला?

मथळा सांगायचा राहिला. ‘सरकारची सचोटी आणि जाबदारी’ पुरे. ‘मजबूत करणे’ काढूनच टाका. हे शेवटचं ‘करणे’ मराठी मथळ्यात कागदी वाटतं.

आणि व्हिसलब्लोअर म्हणजे जागल्या. मराठी वृत्तपत्रांनी हा शब्द रुळवला आहे, त्याला धक्का लावू नका. गावात रात्री जागून राखण करणारा तो जागल्या. चोरी झाली की राखणदाराने चोराचा माग काढत गावच्या शिवेपर्यंत जायचं. माग शिवेपलीकडे गेला की पुढचा जाब त्या गावाचा. ऑस्ट्रेलियाच्या कर खात्यातले रिचर्ड बॉयल यांनी थकबाकीदारांच्या खात्यांवरून पैसे कसे सक्तीने उचलले जातात हे २०१८ मध्ये जगापुढे आणलं, तर खटला त्यांच्यावरच भरला गेला. माहिती उघड करणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा तिथे २०१३ पासून आहे, पण न्यायालयाने त्याचा अर्थ लावला तो असा की माहिती पुढे मांडण्याला संरक्षण आहे, त्यासाठी आधी पुरावा गोळा करण्याला नाही. म्हणजे माग दाखवावा, पण काढू नये. ताई, अंकात बॉयल यांच्याबद्दल लिहाल तेव्हा ‘जागल्या’च लिहा, आणि जागल्याचं काम माग काढण्यापासून सुरू होतं हेही एका ओळीत सांगा.