चार वर्षांची मांजर की पिल्लांची जोडी?

प्रश्न : सोयाबीन-तुरीची पोती घरातच ठेवली आहेत आणि उंदरांनी वैताग आणलाय. शेजारच्या गावचं एक कुटुंब नागपूरला राहायला चाललंय, त्यांची चार वर्षांची मांजर मिळतेय. भाच्याकडे सहा आठवड्यांची दोन पिल्लंही आहेत. आम्ही दिवसभर वावरात, घरी फक्त सासूबाई. काय आणावं?
– एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : मांजर आणा. पिल्लं पाच-सहा महिन्यांची होईतो उंदरांच्या कामाची नाहीत, आणि तुमची पोती आज फुटताहेत. शिवाय आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. त्यांना दिवसातून चारदा भरवायचं कोणी? सासूबाईंच्या पायात घोटाळतील ते वेगळंच.

आधी दोन गोष्टी विचारा : ती स्वतः उंदीर मारते का, आणि नसबंदी झाली आहे का. दूध-पोळीवर घरात बसून वाढलेली मांजर उंदराकडे नुसती बघत बसते. नसबंदी झाली नसेल आणि गाभण असेल, तर नऊ आठवड्यांच्या आत कुटाराच्या ढिगात पिल्लं सापडतील.

खरी अडचण पुढे आहे. मोठी मांजर जुन्या घराकडे पळते. पोत्यात कोंबून आणू नका, झाकणाची टोपली घ्या. तीन आठवडे एका खोलीत बंद ठेवा. कवेलूची खोली नको, भिंतीवरच्या फटीतून पहिल्याच रात्री निसटेल, टिनाची तापते. घमेल्यात चार बोटं रेती आणि जुन्या घरचं फडकं, न धुता, ठेवा. खाणं ठरल्या वेळी, ताटली वाजवून द्या. पहिल्यांदा बाहेर सोडायची ती संध्याकाळी, जेवणाआधी. भूक आणि ताटलीचा आवाज तिला परत आणतात.

ती यायच्या आधी घरातलं उंदराचं औषध उचला. केकवालं औषध खाल्लेला उंदीर काही दिवस सुस्त फिरतो, आणि सुस्त उंदीरच मांजरीला आधी सापडतो. मग तीही दगावू शकते.

उपाशी ठेवली की जास्त उंदीर मारते, हा गैरसमज. भुकेली मांजर शेजाऱ्यांच्या चुलीशी जाते. दोन वेळा उकडलेलं अंडं, मासळी किंवा कोंबडीचं मटण (हाडं काढून) द्या. पुष्कळ मोठ्या मांजरींना दुधाने हगवण लागते. रेबीजची लस मात्र आल्याबरोबर टोचून घ्या.

घूस असेल तर मांजरीच्या भरवशावर राहू नका, पिंजरा लावा.

तरी पिल्लंच आणायची असतील तर पूर्ण आठ आठवड्यांनी, दोन्ही एकत्र आणा. एकमेकांशी खेळतात, हात कमी चावतात. पहिली लस तेव्हाच, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, आणि तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. नर-मादी असतील तर पाचव्या महिन्याच्या आत नसबंदी करा. भाऊ-बहीण आहेत म्हणून ती थांबत नाहीत.