जेलीफिशचे संस्पर्शक, ऑक्टोपसच्या भुजा

प्रश्न असा आला आहे: मुलांसाठी समुद्री जिवांवरचं एक छोटं पुस्तक मराठीत आणायचं आहे. त्यात ब्लँकेट ऑक्टोपसची गोष्ट आहे. तो एका विषारी प्राण्याची टेंटॅकल्स, म्हणजे लांब लवचीक अवयव, स्वतःच्या टेंटॅकल्समध्ये धरून हिंडतो. शाळेच्या पुस्तकात ‘शुंडक’ सापडलं, विश्वकोशात ‘संस्पर्शक’, बातम्यांत ‘सोंडा’ आणि एका यांत्रिक भाषांतरात चक्क ‘तंबू’. यातला कोणता शब्द घ्यावा?

‘तंबू’ आधी बाजूला काढू. ‘टेंट’ हा इंग्रजी शब्द पुढे दिसला म्हणून यंत्राने राहुटी ठोकली आहे, दुसरं काही नाही. मुलांच्या पुस्तकात तो चुकूनही जाऊ देऊ नका.

उरलेले शब्द मात्र विचार करून घडवलेले आहेत, आणि ते दोन वेगळ्या दिशांनी आले आहेत. टेंटॅकलच्या मुळाशी लॅटिन ‘टेंटारे’ आहे, म्हणजे चाचपणं, अंदाज घेणं. ‘संस्पर्शक’ घडवणाऱ्याने हे मूळ धरलं: स्पर्शाने जाणणारा अवयव. ‘शुंडक’ घडवणाऱ्याने आकार पाहिला. संस्कृत ‘शुंडा’ म्हणजे आपली सोंड, तिला लहानपणा दाखवणारा ‘क’ जोडला की झालं शुंडक. एकाने काम पाहिलं, दुसऱ्याने रूप.

अडचण अशी की इंग्रजीतला हा एकच शब्द फार वेगवेगळ्या अवयवांवर पांघरला जातो. म्हणून शब्द निवडण्याआधी तो अवयव प्रत्यक्षात काय करतो ते बघावं, असं मला मनापासून वाटतं.

ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर गेलात तर डबक्यांमध्ये समुद्रपुष्पं, म्हणजे फुलासारखे दिसणारे प्राणी, दिसतात. मी एकदा एकाच्या पाकळ्यांना बोटाचं टोक लावलं होतं. बोट चिकटल्यासारखं झालं आणि दुसऱ्या क्षणी त्या सगळ्या पाकळ्या आत ओढून घेऊन त्याची मांसल गोळी झाली. तो चिकटपणा डिंकाचा नव्हता. त्या प्रत्येक ‘पाकळी’त हजारो दंशपेशी असतात. पेशीत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेला पोकळ धागा. काही टेकलं की कुपी फुटते आणि धागा उलटा होत बाहेर फेकला जातो. हायड्रा या जेलीफिशच्या नात्यातल्या चिमुकल्या प्राण्यात हा वेग मोजला गेला आहे: धाग्याच्या मुळाशी असलेला काटा सुटायला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळ लागतो. माझ्या बोटाच्या जाड कातडीत तसे असंख्य धागे रुतले होते, म्हणून ते चिकट लागलं. त्या जागी चिमुकली कोळंबी असती तर तिथेच लुळी पडली असती. शिकार आणि बचाव दोन्ही याच एका हत्याराने होतात.

इथे स्पर्श हाच घोडा आहे, बंदुकीचा घोडा. पेशीला मेंदूच्या हुकमाची गरज नाही (जेलीफिशला मेंदू नसतोच). म्हणूनच पावसाळ्यात जुहू-गिरगावच्या वाळूत येऊन पडणाऱ्या ब्लू बॉटल या जेलीफिशसारख्या प्राण्याचा तुटलेला निळा धागासुद्धा डसतो. तो प्राणी मेलेला असतो, पेशी मात्र भरलेल्या असतात. मुलांना हे जरूर सांगा, आणि त्या धाग्याला हात लावायचा नाही हेही.

अशा अवयवाला ‘सोंड’ म्हटलं की चुकीचं चित्र उभं राहतं. सोंड उचलते, ओढते, झाडं मोडते. तिच्यात ताकद असते. जेलीफिशचा तंतू पाण्यात नुसता लोंबत असतो, त्याचं सगळं बळ शिवण्यात आहे. म्हणून जेलीफिश, समुद्रपुष्प, हायड्रा यांच्यासाठी मी ‘संस्पर्शक’ घेईन. शाळेच्या पुस्तकात नेमकं इथेच ‘शुंडक’ आहे, हे मला ठाऊक आहे. परीक्षेला बसलेल्या मुलाने तोच शब्द लिहावा. गोष्टीच्या पुस्तकावर ते बंधन नाही.

आता माकुल, ऑक्टोपसचा नातलग. बाजारातून आणलेलं, पाठीत समुद्रफेन, म्हणजे पांढरं हलकं कवच, असलेलं माकुल ताटात ठेवून त्याच्या तोंडाभोवतीचे ‘पाय’ मोजा (आमच्या घरात पायच म्हणतात). आठ भरतील. मग डोळ्यांच्या खालच्या बाजूला बोटाने चाचपा. तिथे दोन खिसे असतात आणि त्यांत घडी घालून ठेवलेले आणखी दोन अवयव. ओढले की लांबच लांब बाहेर येतात. टोकाशी चपटे, आणि चूषक, म्हणजे चोखून धरणाऱ्या वाट्या, फक्त त्या चपट्या टोकावर. बाकीच्या आठांवर मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत वाट्या आहेत. हे दोन अवयव पापणी लवायच्या आत सुटतात, कोळंबीला चिकटतात आणि तिला आठांच्या मिठीत आणून सोडतात. प्राणिशास्त्रात खरी टेंटॅकल्स ती ही दोनच. आठ ते ‘आर्म’, हात. ऑक्टोपसला ती दोन नसतात, त्याचे आठही हातच.

या दोन झेपावणाऱ्या अवयवांना ‘शुंडक’ अगदी शोभतं. यात नुसतं रूपसाम्य नाही. हत्तीच्या सोंडेत हाड नाही, माकुलाच्या या अवयवांतही नाही. दोन्हीकडे निव्वळ स्नायू, एका दिशेने आवळले की दुसऱ्या दिशेने लांबणारे. आपली जीभही तशीच चालते.

आणि ऑक्टोपसच्या आठांना ‘भुजा’. या शब्दावर माझा विशेष जीव आहे. ‘भुज्’ म्हणजे वाकणं, वळणं. भुजंग म्हणजे वळत वळत जाणारा. हाड नसलेल्या, हवा तिथे वळणाऱ्या हाताला याहून नेमका शब्द कुठे मिळेल? त्यात एक गंमत आणखी आहे. खाणं तोंडाशी नेताना ऑक्टोपस त्या सरळ भुजेत तात्पुरते सांधे तयार करतो, एक आपल्या कोपरासारखा मध्ये, आणि घास झाला की ते नाहीसे होतात. तेव्हा ‘हात’ म्हटलं तरी बिघडत नाही. ‘पाय’ मात्र टाळा. ग्रीकमध्ये ऑक्टोपस म्हणजे आठ पायांचा हे खरं आणि त्याच्या वर्गाचं मराठी नाव शीर्षपाद, डोक्याला पाय असलेला, हेही खरं. पण ‘अष्टपाद’ हे नाव मराठीत कोळी-विंचवांच्या वर्गाला आधीच दिलेलं आहे, तिथे मुलांचा गोंधळ होईल.

गोगलगायीच्या डोक्यावरच्या त्या चार काड्याही इंग्रजीत टेंटॅकल्सच. आपण त्यांना शिंगं म्हणतो, तेच राहू द्या.

नामाइतकीच क्रियापदं सांभाळा. कच्च्या भाषांतरांत सगळे प्राणी सगळं ‘पकडतात’. संस्पर्शक डसतात. शुंडकं झेपावतात. भुजा चाचपतात, विळखा घालतात, आवळतात, कवेत घेतात. चाचपणं तर शब्दशः, कारण ऑक्टोपसला चूषकांनी चवही कळते: कपारीत भुजा घालून, न बघता, आत खेकडा आहे की नुसता दगड हे तो ओळखतो.

आता तुमचं ते अडलेलं वाक्य. ब्लँकेट ऑक्टोपसचा नर जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा असतो, मादी मात्र दोन मीटरपर्यंत वाढते. ब्लू बॉटलच्या कुळातल्या प्राण्याचं विष या ऑक्टोपसला बाधत नाही, म्हणून तो नर त्याचे तुकडे हत्यारासारखे जवळ बाळगतो. एकच शब्द दोन्हीकडे वापरला की कोणी कोणाचं काय धरलंय ते कळेनासं होतं. दोन शब्द घेतले की वाक्य असं होतं:

‘एवढासा तो ऑक्टोपस ब्लू बॉटलचे तुटलेले संस्पर्शक आपल्या वरच्या चार भुजांच्या चूषकांत घट्ट धरून पोहतो, त्याच्या वाटेला गेलेल्याला ते डसतात.’